न काढलेला अडसर : उड्डाणापूर्वीच्या यादीचा इतिहास

३० ऑक्टोबर १९३५. अमेरिकेतील ओहायो राज्यात, डेटन शहरालगतच्या राइट फील्ड या लष्करी विमानतळावर बोइंग कंपनीचे एक चकचकीत, चार इंजिनांचे विमान उड्डाणासाठी उभे होते. मॉडेल २९९ हे त्याचे नाव. पंखांचा विस्तार सुमारे १०४ फूट. अमेरिकन लष्कराला नवे बॉम्बफेकी विमान हवे होते आणि त्यासाठी तीन कंपन्यांमध्ये स्पर्धा लागली होती. डग्लस आणि मार्टिन यांची विमाने दोन इंजिनांची होती, बोइंगचे चार इंजिनांचे. ऑगस्टमध्ये हे विमान सिॲटलहून डेटनपर्यंतचे सुमारे २,१०० मैलांचे अंतर न थांबता नऊ तासांत कापून आले होते. स्पर्धेचा निकाल जवळपास ठरलाच आहे, असे पाहणाऱ्यांना वाटत होते.

त्या सकाळी विमान चालवायला बसले मेजर प्लॉयर हिल. लष्कराच्या विमान-चाचणी विभागाचे ते प्रमुख होते. अनुभवात त्यांची बरोबरी करणारे फार थोडे. शेजारी लेफ्टनंट डोनाल्ड पुट, आणि मागे उभे होते बोइंगचे मुख्य चाचणी-वैमानिक लेस्ली टॉवर. याच टॉवर यांनी जुलैमध्ये या विमानाचे पहिले उड्डाण केले होते. एकूण पाच माणसे. विमान धावले, उचलले गेले आणि चढू लागले. पण ते चढतच राहिले, नाक वर, आणखी वर. काहीशे फुटांवर त्याचा वेग संपला, ते एका अंगावर कलंडले आणि खाली येऊन पेटले.

जमिनीवरचे दोन तरुण अधिकारी आगीत शिरले. त्यांतील लेफ्टनंट रॉबर्ट जिओव्हानोली याला या धाडसाबद्दल पुढे चेनी पदक मिळाले, आणि १९३६ मध्ये तो स्वतःही विमान-अपघातातच गेला. आतल्या माणसांना बाहेर काढण्यात आले, तरी मेजर हिल त्याच दिवशी वारले. टॉवर काही आठवडे भाजलेल्या जखमांशी झगडले आणि नोव्हेंबरमध्ये त्यांचाही मृत्यू झाला.

चौकशीत इंजिने निर्दोष ठरली, सांगाडा निर्दोष ठरला. दोष निघाला तो एका अडसरात.

हा अडसर काय असतो, हे येथे नीट पाहायला हवे, कारण पुढची सारी कथा त्याच्याभोवती फिरते. विमानाच्या शेपटीला आणि पंखांना हलणारे फळे असतात. शेपटीवरच्या आडव्या फळ्याला एलिव्हेटर म्हणतात; त्याने विमानाचे नाक वर-खाली होते. विमान उघड्या मैदानावर उभे असते तेव्हा वाऱ्याचे झोत या फळ्यांना सताड उघड्या दारासारखे आपटत राहतात, आणि बिजागऱ्या मोडू शकतात. म्हणून ते जखडून ठेवतात. वाड्याच्या दिंडीदरवाजाला रात्री आतून अडसर लावावा, तसाच हा प्रकार. इंग्रजीत त्याला गस्ट लॉक किंवा कंट्रोल लॉक म्हणतात. मॉडेल २९९ चे फळे इतके मोठे होते की त्यांच्यासाठी आतूनच चालवायची एक नवी कळ बसवलेली होती. उड्डाणापूर्वी ती सोडवायची असे. त्या दिवशी ती कोणीही सोडवली नाही. विमान हवेत गेल्यावर टॉवर यांच्या ते लक्षात आले आणि त्यांनी कळीकडे हात नेला, पण वेळ उरला नव्हता, असे सांगितले जाते.

एक गोष्ट विसरून चालणार नाही. विमानात त्या क्षणी देशातले उत्तम चाचणी-वैमानिक होते. अडसर काय आहे, तो कोठे आहे, हे त्यांच्यापैकी टॉवर यांना तर तोंडपाठ होते. चूक अज्ञानातून झाली नाही. ज्याला सर्व काही ठाऊक आहे त्याच्या हातून, ठाऊक असलेलीच एक गोष्ट राहून गेली.

परिणाम तात्काळ दिसले. लष्कराने डग्लसच्या दोन इंजिनांच्या बी-१८ विमानांची मोठी मागणी नोंदवली. हे विमान स्वस्तही होते. बोइंगवर स्वतःच्या पैशाने बांधलेले एकुलते एक विमान गमावून बसण्याची वेळ आली. एवढे गुंतागुंतीचे यंत्र एका माणसाच्या आवाक्यातले नाही, असे बोलले जाऊ लागले. तरीही लष्करातील काही अधिकाऱ्यांनी नियमातून वाट काढून चाचणीच्या नावाखाली १३ विमाने मागवली. त्यांतलेही पहिलेच विमान डिसेंबर १९३६ मध्ये उतरताना ब्रेक जखडले गेल्यामुळे नाकावर आपटले. आता आणखी एक अपघात झाला असता, तर हे विमान इतिहासाच्या तळटीपेत गेले असते.

व्हर्जिनियातील लँग्ली फील्डवर १२ विमाने दाखल झाली, तेव्हा वैमानिकांपुढचा प्रश्न साधा होता. जास्त शिकवावे तर कोणाला? मेजर हिल यांच्यापेक्षा अधिक शिकलेला माणूस आणायचा कोठून? मग उपाय निघाला तो अगदीच अनाकर्षक: कागदाचा. उड्डाणापूर्वी, उड्डाणात, उतरण्यापूर्वी, उतरल्यानंतर काय काय पाहायचे याच्या छोट्या याद्या. ब्रेक सोडले का, उपकरणे जुळवली का, दारे बंद का, अडसर काढला का. प्रत्येक वैमानिकाला ठाऊक असलेल्या, म्हणूनच लिहिण्याचीही लाज वाटावी अशा गोष्टी. पुढे या १२ विमानांनी मिळून सुमारे १८ लाख मैल गंभीर अपघाताविना कापले. लष्कराचे मत बदलले. हेच विमान बी-१७ या नावाने दुसऱ्या महायुद्धात उतरले आणि त्याच्या १२,७३१ प्रती बांधल्या गेल्या.

कामांची यादी लिहून ठेवणे ही मात्र १९३० च्या दशकातील अमेरिकनांची निर्मिती नव्हे. मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकाला तर रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र आठवल्याशिवाय राहणार नाही. किल्ल्यावरचा दारूखाना वस्तीपासून दूर असावा, दारूला वेळोवेळी ऊन द्यावे, असल्या बारीकसारीक गोष्टी त्यात लिहून ठेवल्या आहेत. दारू दमट झाली तर बार उडत नाही, हे कोणत्या गोलंदाजाला ठाऊक नव्हते? तरीही अमात्यांना ते लिहावेसे वाटले. लँग्लीच्या कागदात नवे होते ते इतकेच की तो आज्ञा म्हणून दप्तरात ठेवायचा नव्हता. प्रत्येक वेळी, काम करता करता, हातात धरून वाचायचा होता. हजार तास उडालेल्या माणसानेही.

मोठ्या विमानाची ही कथा प्रसिद्ध आहे. परंतु उड्डाणापूर्वीच्या घाईचा खरा हिशेब लहान विमानांतच होत आला आहे. एका इंजिनाच्या विमानात दुसरे इंजिन आधाराला नसते, आणि पुष्कळदा दुसरा माणूसही नसतो.

महाराष्ट्रात हे जग जुहूला सुरू झाले. मुंबई फ्लाइंग क्लब १९२८ मध्ये स्थापन झाला. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना मिळालेला वैमानिक परवाना हा भारतात दिलेला पहिला परवाना. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी पस मॉथ या इवल्या विमानातून कराचीहून टपाल आणले ते जुहूलाच. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा टाटांची ही टपालसेवा पुण्याला हलवली जाई. त्या काळच्या मॉथ विमानांत रेडिओ नसे. जिप्सी मॉथचे पंख तर कोठारात जागा वाचावी म्हणून मागे दुमडता येत आणि उड्डाणाआधी उलगडून खिळ्यांनी पक्के करावे लागत. खिळा बसला आहे की नुसता बसल्यासारखा दिसतो आहे, हे हात लावून पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते.

आज शिरूर-दौंडच्या लोकांना अशी छोटी विमाने पाहायची तर बारामती फार दूर नाही. तेथे वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. प्रशिक्षणार्थी विमानाकडे येतो तो लगेच आत बसत नाही. आधी विमानाभोवती एक फेरी घालतो. पाहणाऱ्याला ती देवळाभोवतीच्या प्रदक्षिणेसारखी वाटते, आणि धोका नेमका तेथेच आहे. प्रदक्षिणा पाठ झाली की पाय चालतात आणि डोळे दुसरीकडे असतात.

या फेरीत काय पाहायचे असते? पंखातल्या टाकीच्या तळाशी एक छोटी झडप असते. तिच्यातून थोडे इंधन पारदर्शक पेल्यात काढतात. विमानाच्या पेट्रोलला निळसर रंग दिलेला असतो; पाणी असेल तर ते जड असल्यामुळे पेल्याच्या तळाशी वेगळे दिसते. अर्धवट भरलेली टाकी रात्रभर उभी राहिली की आतल्या हवेतली वाफ थंड पत्र्यावर गोठून थेंब बनते, आणि पावसाळ्यात झाकणाचे रबर सैल असेल तर पाणी थेट आत उतरते. येथे एक कपटी गोष्ट घडू शकते. पाणी इतके साचलेले असेल की पेला संपूर्ण पाण्यानेच भरला, तर थर दिसतच नाहीत. सगळे कसे एकसारखे, स्वच्छ! घाईत असलेला माणूस समाधानाने पेला रिकामा करतो. रंग पाहायचा असतो, वास घ्यायचा असतो, ते राहून जाते.

हे पाणी जमिनीवर इंजिनाला त्रास देईलच असे नाही. विमान सपाट उभे असताना ते टाकीच्या एखाद्या कोपऱ्यात निवांत पडून असते. विमान धावू लागते, नाक वर होते, पाणी सरकते आणि नळीत शिरते. म्हणजे इंजिन बंद पडते ते नेमके अशा क्षणी, जेव्हा खाली धावपट्टी संपलेली असते आणि वर पुरेशी उंची मिळालेली नसते. जमिनीवर वाचवलेल्या दोन मिनिटांची किंमत पहिल्याच मिनिटात मागितली जाते, ती अशी.

तीच गत पिटो नळीची. पंखाखालच्या या बारीक नळीत शिरणाऱ्या हवेच्या दाबावरून वेग कळतो. तिच्यावर लाल फीत लावलेले आवरण घालून ठेवतात; ते काढायला विसरले की वेगमापक खोटे बोलतो. आवरण घालायलाच विसरले, तर दुसरे संकट येते. कुंभारीण माशी आपल्याकडे भिंतीच्या कोपऱ्यात, कुलपाच्या भोकात चिखलाचे घर करते हे सर्वांनी पाहिले आहे. तिला ही नळी तितकीच आवडते. १९९६ मध्ये डोमिनिकन रिपब्लिकच्या किनाऱ्याजवळ एक मोठे प्रवासी विमान कोसळून १८९ माणसे गेली, तेव्हाही बंद पडलेल्या पिटो नळीमागे अशाच माशीच्या घरट्याचा संशय घेतला गेला. विमान अनेक दिवस उभे होते आणि नळ्यांवर आवरणे नव्हती.

अडसर तर लहान विमानातही आहेच. प्रशिक्षणाच्या सेसना विमानांत तो म्हणजे नियंत्रण-दांड्याच्या भोकातून घातलेली एक सळई आणि तिला लोंबणारा लाल पत्रा. काही विमानांत हा पत्रा इंजिनाच्या चावीवरच आडवा येईल असा बेतलेला असतो, म्हणजे तो काढल्याशिवाय चावी फिरवण्याचे कोणाच्या मनात येऊ नये. योजना सुरेख आहे. पण मूळ सळई हरवते आणि कोणीतरी तिच्या जागी हाताला लागलेला खिळा किंवा बोल्ट घालतो. त्याला ना लाल पत्रा, ना सूचना. अशा जुगाडाने माणसे मेलेली आहेत. म्हणून शेवटची तपासणी हातानेच करायची असते. नियंत्रण-दांडा सर्व दिशांना पूर्ण फिरवायचा आणि फिरवताना बाहेर पंखांकडे, शेपटीकडे पाहायचे: फळे मोकळे हलतात का, आणि योग्य दिशेला हलतात का. दुसरा प्रश्न वेडगळ वाटतो. पण दुरुस्तीत तारा उलट जोडल्या गेल्यामुळे डावीकडे वळवलेले विमान उजवीकडे गेल्याची उदाहरणे आहेत.

घाई म्हटली की डोळ्यांपुढे घड्याळ येते. ते अपुरे आहे. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात प्रसिद्ध गायक जॉन डेन्व्हर यांनी आपल्या नव्याने घेतलेल्या लाँग-ईझेड या लहान विमानातून भरारी घेतली. ते अनुभवी वैमानिक होते. त्या विमानात इंधन एका टाकीतून दुसऱ्या टाकीवर नेण्याची चावी बांधणाऱ्याने वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती. ती फिरवायची तर मागे वळून हात न्यावा लागे. इंधनाची पातळी दाखवणाऱ्या नळ्याही मागेच होत्या. विमानतळावरच्या तंत्रज्ञाने त्या दिसाव्यात म्हणून त्यांना एक छोटा आरसा दिला आणि इंधन भरायचे का, असेही विचारले. तासाभरासाठीच जायचे आहे, म्हणून त्यांनी नकार दिला. काही मिनिटांतच विमान मॉन्टेरेच्या उपसागरात कोसळले. चौकशी मंडळाने दोन कारणे नोंदवली. चावीपर्यंत हात नेण्याच्या धडपडीत विमानावरचा ताबा सुटला, हे एक. उड्डाणापूर्वीची तयारी अपुरी होती, विशेषतः इंधन भरले नव्हते, हे दुसरे. तेथे कोणतीही गाडी चुकत नव्हती. सुंदर संध्याकाळ होती आणि उडायचे होते, एवढीच घाई.

१९३५ च्या कागदाची कथा जगभर सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचवली ती एका मराठी घरातल्या माणसाने. यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुक्यात उटी नावाचे गाव आहे. तेथील शेतकरी सीताराम गावंडे यांचा मुलगा आत्माराम डॉक्टर होऊन अमेरिकेत गेला आणि ओहायो राज्यातीलच अथेन्स या गावी स्थायिक झाला. राइट फील्डपासून हे गाव सुमारे दोनशे किलोमीटरवर. त्यांचे चिरंजीव अतुल गावंडे शल्यचिकित्सक झाले आणि २००९ मध्ये त्यांनी तपासणी-याद्यांवर ‘द चेकलिस्ट मॅनिफेस्टो’ हे पुस्तक लिहिले. मेजर हिल यांचा अपघात त्यात आहे. आजीच्या, गोपिकाबाईंच्या नावाचे महाविद्यालय उमरखेडला आजही आहे.

गावंडे यांच्यापुढचा प्रश्न लँग्लीच्या वैमानिकांचाच होता. शस्त्रक्रियेत जाणकार माणसांच्या हातून जाणीवेतल्याच गोष्टी राहून जात होत्या: प्रतिजैविक वेळेवर दिले का, रुग्ण तोच का, बाजू तीच का. ते सिॲटलला बोइंगमध्ये गेले आणि याद्या बनवणाऱ्यांकडून शिकले की चांगली यादी छोटी असते. सगळे लिहू नये. जे विसरल्यास माणूस मरतो तेवढेच लिहावे. जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९ मुद्द्यांची यादी तयार झाली. दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत तिची परीक्षा झाली. गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले, मृत्यूंचे १.५ वरून ०.८ टक्क्यांवर. जानेवारी २००९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा कागदाचा विजय झाला असे वाटले.

पण २०१४ साल उजाडले. मार्चमध्ये कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातील १०१ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथे हीच यादी सक्तीची केली होती आणि रुग्णालयांनी ती भरल्याचे कळवलेही होते. मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय घट आढळली नाही. यादीच निरुपयोगी, असे काहींनी म्हटले. यादीवर खुणा करणे आणि यादी वाचणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, असे इतरांनी. दुसरे म्हणणे अधिक पटते, आणि त्याला कारण त्याच वर्षीच्या मे महिन्यात घडलेली घटना.

३१ मे २०१४ च्या रात्री मॅसॅच्युसेट्स राज्यातील बेडफर्ड येथून गल्फस्ट्रीम जातीचे एक खासगी जेट निघाले. दोन्ही वैमानिक अनुभवी आणि अनेक वर्षे एकत्र उडणारे. विमान धावपट्टीवर वेगाने गेले, पण उचललेच गेले नाही. पट्टी ओलांडून नाल्यात पडले आणि पेटले. सातही जण मरण पावले. अडसर लावलेलाच होता. १९३५ नंतर ७९ वर्षांनी, तीच चूक.

विमानातली यादी बरोबरच होती. अडसर काढणे तिच्यात होते, दांडे पूर्ण फिरवून पाहणेही होते. चौकशी मंडळाने विमानातील नोंदयंत्र तपासले तेव्हा आढळले की याच विमानाच्या आधीच्या १७५ उड्डाणांपैकी ९८ टक्के उड्डाणांपूर्वी ही तपासणी पूर्णपणे केलेलीच नव्हती. त्या प्रत्येक वेळी विमान सुखरूप गेले आणि आले. एवढेच नव्हे, अडसर असताना इंजिनांना पूर्ण जोर देता येऊ नये अशी यांत्रिक अडवणूकही बसवलेली होती. अपेक्षेपेक्षा अधिक जोर ती देऊ देत होती, हे त्या रात्रीपर्यंत कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

त्या कॉकपिटमध्ये दोन माणसे होती. एकाने मोठ्याने वाचले असते तर दुसऱ्याने ऐकले असते, निदान तशी सोय होती. बारामतीच्या मैदानावर पहिल्यांदा एकट्याने निघणाऱ्या प्रशिक्षणार्थ्याला ती नसते. तो बसतो, पट्टा आवळतो, मांडीवर यादी ठेवतो आणि रिकाम्या आसनाशेजारी एकेक ओळ स्वतःलाच मोठ्याने ऐकवतो. दांडा डावीकडे नेताना डाव्या पंखाकडे पाहतो, उजवीकडे नेताना उजव्या. मग मान मागे वळवून शेपटीचा फळा वर-खाली होतो का ते पाहतो, आणि त्यानंतरच चाके हलतात.